डावीकडचे पाच मिलिमीटर

रविवारी सकाळी त्यानं गॅरेजचं शटर वर केलं, लोखंडी घोड्यांवर उभ्या केलेल्या गाडीखाली पाठीवर सरकत गेला आणि डावीकडच्या खालच्या दांडीवर बॅटरीचा झोत टाकला. पिवळी रेघ तुटली होती. रेघेचा अर्धा तुकडा नटवर, अर्धा दांडीवर आणि दोघांच्या मधे करंगळीच्या नखाएवढं अंतर. त्यानं झोत वरच्या दांडीवर नेला. तिथलीही रेघ तुटलेली. उजवीकडच्या दोन्ही रेघा मात्र शाबूत होत्या. तो तसाच पडून राहिला. फरशीचा गारवा शर्टातून पाठीत उतरत होता आणि वर, नाकापासून वीतभर अंतरावर, मागचा एक्सल निमूट लटकत होता, आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखा.

तीन वर्षं तो ही गाडी बांधत होता. एका भंगारातल्या जुन्या गाडीचं कवच, दुसरीचं दणकट इंजिन, तिसरीचा मागचा एक्सल. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात हे त्यानं पहिल्या दिवशी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे गोधडीच की." आता काम मागच्या चाकांपर्यंत आलं होतं. मागचा एक्सल चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चार दांड्यांनी धरलेला असतो, दोन खाली, दोन वर. प्रत्येक दांडीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. दांडी एका बाजूला फिरवली की लांब होते, उलट फिरवली की आखूड. माप जमलं की लॉकनट आवळायचा, म्हणजे ती हलत नाही. गेल्या रविवारी त्यानं चारी दांड्या जुळवल्या होत्या. डावी-उजवी जोडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी. मग लॉकनट आवळून, बारीक ब्रशनं नटवरून दांडीवर जाणारी एकेक पिवळी रेघ ओढली होती. नट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटते. रेघ खोटं बोलत नाही. ही त्याच्या नोकरीतली सवय होती.

विमा कंपनीत तो अपघाताच्या गाड्या तपासायचा. ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत, पाठीमागं आणि आताशा तोंडावरही. त्याचा एक नियम होता. आधी बघायचं, मग मोजायचं, मग फोटो काढायचे आणि विचारायचं सगळ्यात शेवटी. कारण माणूस विचारल्यावरच खोटं बोलतो. पहिल्या तीन गोष्टी नीट केल्या की चौथीची गरज सहसा पडतच नसे. आताही त्यानं तेच केलं. पट्टी लावली. डावीकडच्या दोन्ही दांड्या उजवीकडच्यांपेक्षा पाच मिलिमीटर आखूड भरल्या. पाच मिलिमीटर, तांदळाच्या एका दाण्याएवढं. पण एवढ्यानं एक्सल तिरका बसतो, गाडीचं तोंड एकीकडे आणि ढुंगण दुसरीकडे होतं, ती खेकड्यासारखी चालते. आणि ओल्या रस्त्यावर, वेगात, वळणावर ती काय करेल हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यानं पाना उचलला आणि परत खाली ठेवला. पुरावा हलवायचा नाही. गॅरेजच्या किल्ल्या दोनच होत्या. एक त्याच्या जुडग्यात, दुसरी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, दोऱ्यांच्या रिळांखाली.

तो गाडीखालून बाहेर आला आणि परक्याच्या घरात शिरावं तसं त्यानं आपलं गॅरेज बघितलं. ओळंबा खिळ्याला होता, पण त्याचा दोरा तो स्वतः दोन बोटांवर आठाच्या आकड्यात गुंडाळतो, तसा नव्हता. तो शेजारी शेजारी, एकावर एक, बॉबिनवर भरावा तसा भरला होता. त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कटर होती, एका वेळी चाळीस थर कापड कापणारी. तिच्या हातून दोरा दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं गुंडाळला जाणं शक्य नव्हतं. म्हणजे ती. मग फरशीवर, डाव्या चाकाच्या सरळ रेषेत, एक पांढुरका ठिपका दिसला. त्यानं बोट फिरवलं. साधा खडू नव्हे. तो गुळगुळीत, साबणासारखा लागला. शंखजिऱ्याचा खडू. तापल्या लोखंडावर खूण करायला वेल्डर लोक वापरतात तो. म्हणजे ती एकटी नव्हे.

वेल्डर त्याचा शाळेपासूनचा मित्र. या गाडीवरचा वेल्डिंगचा प्रत्येक टाका त्याच्या हातचा. दांड्या ज्यात अडकतात ती चॅसीवरची चारी ब्रॅकेटं त्यानंच बसवली होती. घरी आला की बाहेरूनच हाक द्यायचा, "वहिनी, मी आलोय, झाडू घेऊन बाहेर येऊ नका." त्यावर ती आतून हसायची. बरीच वर्षं ती तशी हसत आली होती. आता फरशीवर उकिडवं बसून, बोटाला लागलेला पांढरा चुरा बघताना, त्याला ते हसणं पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं झालं. त्याचा आवाज, त्याची लांबी, ते कुठे सुरू होतं आणि कुणासाठी थांबतं.

वर गेला तेव्हा बायको टेबलापाशी वर्तमानपत्राच्या कागदावर कसली तरी कॉलर आखत होती.

"आज लवकर वर आलास," ती म्हणाली.

"हो."

"झालं का चाकाचं?"

चाकाचं. ती नेहमी 'गाडीचं' विचारायची, किंवा 'गोधडीचं'. चाकाचं कधी विचारलं नव्हतं. त्यानं चहाचा कप उचलला आणि कपाच्या कडेवरून तिच्याकडे पाहिलं. पेन्सिल थांबली होती. ती उत्तराची वाट बघत होती, जरा जास्तच.

"होतंय," तो म्हणाला.

पेन्सिल पुन्हा चालू लागली.

त्या आठवड्यात तो नेहमीसारखाच वागला, निदान त्याला तसं वाटलं. सोमवारी सकाळी शटर ओढल्यावर त्यानं डोक्याचा एक केस उपटला आणि थुंकीनं शटर आणि चौकटीच्या फटीवर चिकटवला. हात आपोआप चालला. तेव्हाच त्याला कळलं की हा हात आपला नाही, वडिलांचा आहे. वडील एका गोदामात भांडारपाल होते आणि घरालाही गोदामच समजत. कामावर जाताना आईच्या कपाटाच्या दाराला केस लावून जायचे. आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं तो केस पाहिला होता, उन्हाच्या तिरिपेत चमकणारा, आणि गंमत म्हणून फुंकर मारून उडवला होता. संध्याकाळी वडील काही बोलले नाहीत. फक्त जेवताना आईकडे बघत राहिले, घास चावत, हळूहळू. आई विचारत राहिली, "काय झालं? काही बोलाल का?" आणि तो ताटाकडे बघत राहिला. केस मी उडवला हे सांगायला दोन शब्द पुरले असते. ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितले नव्हते. वडिलांचा केस काळा होता. त्यानं चिकटवलेला पांढरा निघाला.

मंगळवारी केस जागेवर होता. बुधवारी त्याला घराजवळच्याच एका वर्कशॉपमध्ये ठोकरलेली गाडी बघायची होती. दुपारी काम आटोपल्यावर तो ऑफिसला जायच्या ऐवजी घराकडे वळला. गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानापुढे एक ट्रक उभा होता, त्याच्या आडून त्याला घर दिसलं. शटर अर्धं वर होतं. वेल्डर वाकून बाहेर आला, मागोमाग बायको. ही वेळ ती कारखान्यात असायची. वेल्डरनं हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, जवळ घेऊन बघितला आणि खांद्यावरच्या पिशवीतून एक चिंधी काढून त्याच्या बोटाला गुंडाळू लागली. वेल्डर काहीतरी बोलला. तिनं मान हलवली, नाही, नाही अशी. तो पुन्हा बोलला. तिनं गाठ मारली आणि गाठीवर अंगठा दाबून क्षणभर तसाच ठेवला, कापडावर टाचणी लावायच्या आधी ठेवते तसा. मग तो गेला आणि तिनं शटर ओढलं.

ट्रकच्या पत्र्याला उन्हाचा चटका होता, तरी तो त्याला टेकूनच उभा राहिला. पुढे जाऊन 'काय चाललंय' एवढं विचारायला वीस पावलं पुरली असती. त्याऐवजी त्यानं घड्याळात बघितलं आणि वेळ लक्षात ठेवली. दोन वाजून दहा. मन आता मोकळं सुटलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठायचाच, तर त्याच्याकडे ओळंब्याचं अख्खं सूत होतं. गाडी कुणी चालवायची? त्यानं. पहिल्या दिवशी, एकट्यानं, वेगात. डावीकडे पाच मिलिमीटर. असं काही झालं तर तपासायला कोण येईल? ऑफिसातला दुसरा कुणीतरी, ज्याला पिवळ्या रेघा ठाऊक नाहीत. हे आपण काय विचार करतोय, असं त्याला वाटलं, आणि तरी तो विचार करत राहिला. दुखरा दात जिभेनं पुन्हापुन्हा चाचपावा तसा.

त्यातच त्याला पावाच्या व्हॅनचा ड्रायव्हर आठवला. सात वर्षं झाली असतील. व्हॅन पुलाच्या कठड्याला धडकली होती. ड्रायव्हर म्हणत होता, मागची एक दांडी सुटली. यानं नटवरचा ओरखडा भिंगातून बघितला. ओरखडा चकचकीत, ताजा होता. म्हणजे नट अपघातानंतर कुणीतरी पान्यानं सैल केला. दावा नामंजूर. ड्रायव्हर प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन ऑफिसात आला होता, समोरच्या खुर्चीत बसून म्हणाला होता, "साहेब, तुम्ही एकदा मला विचारा तरी." यानं फोटो पुढे सरकवला होता. पुढे कितीतरी दिवसांनी, दाढी करताना, त्याच्या मनात आलं की व्हॅन ओढून नेणाऱ्या मेकॅनिकनं तो नट सैल केला असेल, चाक फिरावं म्हणून. तसं तर नेहमीच करतात. ते विचारायचंच राहिलं होतं.

पुढच्या रविवारी त्यानं वेल्डरला बोलावलं. सापळाच म्हणायचा. "दांड्या पुन्हा एकदा बघून घेऊ," एवढंच फोनवर सांगितलं. वेल्डर नेहमीची हाक न देता आला. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला निळी चिंधी होती, कापडाचा धागा तिरका पकडून कापलेली. अशी चिंधी ताणली जाते, घट्ट बसते. बायकोही खाली आली आणि शटरपाशी स्टुलावर बसली. ती सहसा येत नसे.

"बोटाला काय झालं?" त्यानं विचारलं.

"कापलं. पत्र्याला."

"कुठल्या पत्र्याला?"

वेल्डरनं वहिनीकडे पाहिलं. तेवढं त्याला पुरेसं होतं. तो गाडीखाली सरकला आणि तिथूनच, चेहरा दिसू न देता, अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "दोन रविवारांपूर्वी मी चारी दांड्या जुळवून ठेवल्या होत्या. डावी-उजवी सारखी. आजही तशाच असणार ना?"

त्याला खालून फक्त चार पाय दिसत होते, वेल्डरचे जाड बुटातले आणि बायकोचे चपलांतले. मग चपलांतले पाय उठून जवळ आले.

"नाहीत," बायको म्हणाली. "डावीकडच्या आखूड आहेत, पाचनं. आम्ही केल्या."

"का?"

हा शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला जाणवलं, की आठ दिवसांत आपण विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

उत्तर वेल्डरनं दिलं. तो गाडीपाशी खाली बसला होता. "माझी चूक आहे. डावीकडची ब्रॅकेटं वेल्ड करताना ओढली गेली. लोखंड तापलं की ओढतंच, मी पक्कं धरायला हवं होतं. दोन्ही पाच मिलिमीटर मागं बसली. तू आधी मापं घेऊन खुणा केल्या होत्यास, त्या बरोबर होत्या. पण वेल्ड झाल्यावर तू पुन्हा ओळंबा सोडला नाहीस. नुसत्या दांड्या सारख्या केल्यास. जागाच वाकडी, तर सारख्या दांड्या लावून एक्सल वाकडाच बसणार. आता दांड्या कमीजास्त आहेत, पण एक्सल सरळ आहे."

तो गाडीखाली निश्चल पडून होता. हे एवढं साधं होतं. हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं.

"तुला कधी कळलं?"

"वेल्ड झालं त्याच आठवड्यात शंका आली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

वेल्डर हसला, पण त्यात हसू नव्हतं. "तुला काही सांगायचं म्हणजे जबानी द्यायची. कधी, कुठे, कुणासमोर. गेल्या वर्षी त्या टाकीच्या टाक्यावरून तू मला दोन तास उभा केला होतास, आठवतं? म्हटलं, बघू, जमलं तर गुपचूप नीट करू. मग वहिनीच शेडवर आल्या. म्हणाल्या, डावं चाक मागे वाटतंय."

"मी आधी तुलाच म्हणाले होते," बायको म्हणाली.

म्हणाली होती. आता आठवलं. शटरपाशी उभी राहून, एक डोळा मिटून, कापडाचा तिरकेपणा बघतात तशी बघत म्हणाली होती, "डावं चाक मागे वाटतंय रे." आणि तो मान वर न करता म्हणाला होता, "दोन्ही बाजू सारख्या आहेत. मोजल्यात मी."

तो बाहेर आला. अंगावरची धूळ झटकायचंही सुचलं नाही. "रेघ तुटलेली मला दिसणार, हे तुम्हाला माहीत होतं."

"यानं बघितली ती रेघ," बायको म्हणाली. "हा म्हणाला, वहिनी, त्याला कळेल, पुन्हा रंगवू या. मी म्हटलं, कळू दे. कळलं की विचारेल. मग सांगू." ती थांबली. "आठ दिवस मी वाट बघतेय, तू विचारशील म्हणून. मधे मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा हा पुन्हा आला, म्हणाला सांगून टाकू. मी नाही म्हटलं. जाताजाता एक्सल पुन्हा खालीवर करून बघितला, कुठे अडकत नाही ना म्हणून, आणि त्यात याचं बोट कापलं."

"बुधवारी," तो म्हणाला. "दोन वाजून दहा मिनिटांनी."

बोलून गेल्यावर त्याला आपल्याच शब्दांचा अर्थ कळला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, मग गल्लीच्या टोकाकडे, औषधाच्या दुकानाकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"म्हणजे तू बघत उभा होतास."

त्याची नजर फरशीवरच्या पांढुरक्या ठिपक्यावर गेली.

"काय वाटलं तुला?"

जे वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तिनं वेल्डरच्या बोटावरच्या चिंधीकडे पाहिलं. तिला कळलं. तिचा चेहरा रागानं लाल झाला नाही. तो नुसता पुसल्यासारखा झाला. ती वळली आणि जिना चढून वर गेली. वेल्डरनं आपली हत्यारं गोळा केली. जाताना तो म्हणाला, "ओळंबा सोडून बघ. माझ्यावर नको विसंबूस." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्यानं ओळंबा सोडून बघितलं. एक्सलच्या दोन्ही टोकांखाली ठिपके काढले, पुढच्या खुणेपासून कर्णावर दोन्ही अंतरं मोजली. दोन्ही सारखी भरली, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. काढायला एकही चूक नव्हती.

पुढचा दीड महिना घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. दूध संपलंय. प्लंबर येऊन गेला. तिनं भांडण काढलं नाही, माहेरी गेली नाही, परगावी असलेल्या मुलीलाही फोनवर काही सांगितलं नाही. फक्त सांगायचं थांबवलं. कारखान्यात काय झालं, नवी सुपरवायझर कशी आहे, जिन्यात कोण भेटलं, हे सगळं बंद झालं. ते सगळं किती होतं हे त्याला ते गेल्यावर कळलं. तो मात्र सवयीनं तिच्याकडे बघत राहायचा, हिशेब जुळवत. मग एका संध्याकाळी, ती भाजी निवडत असताना, त्यानं वडिलांच्या केसाची गोष्ट सांगितली. कपाट, उन्हाची तिरीप, फुंकर. आईचं ते 'काही बोलाल का'. आणि त्या सोमवारी आपण शटरला काय चिकटवलं तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ शेंगांच्या शिरा काढत राहिली.

"सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या," ती शेवटी म्हणाली, "की लग्नानंतरची दोन वर्षं त्या गात होत्या."

त्याला हे माहीत नव्हतं. आईला गाता येत होतं हेच माहीत नव्हतं. "कसं गायची?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत. तुझ्या वडिलांना माहीत असणार." मग थोड्या वेळानं, मान वर न करता, "नवी सुपरवायझर कामावर आली की पहिल्यांदा कात्र्या मोजते," ती म्हणाली. आणि तो, काहीच विशेष घडलं नाही असं दाखवत, ओट्याला टेकून उभा राहून ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो वेल्डरच्या शेडवर गेला. माफी मागणं त्याला जमलं नाही, वाक्य तोंडात फिरत राहिलं आणि बाहेर आलं ते, "स्प्रिंगा बसवायच्यात. येशील का?" वेल्डरनं तोंडावरची काळी काच वर केली, त्याच्याकडे पाहिलं. "येतो. पण प्रश्न विचारायचे ते तोंडानं. डोळ्यांनी नाही."

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली ती एका सकाळी, बंद गोदामांमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर. आपण बसणार हे बायकोनं आधी सांगितलं नव्हतं. ऐनवेळी खाली आली, दार उघडलं आणि शेजारी बसली. गाडी सरळ चालते की तिरकी, हे मागून बघायला वेल्डर आपल्या टेम्पोतून येणार होता आणि फोन चालू ठेवणार होता. इंजिनचा आवाज पत्र्यांवरून परत येत होता, सीटखालून थरथर मांड्यांत शिरत होती. त्यानं गिअर बदलला. आरशात टेम्पोची काच आणि तिच्यावर पडलेलं आभाळ, एवढंच दिसत होतं. चालवणाऱ्याला आपली मागची चाकं कधीच दिसत नाहीत, हे इतकी वर्षं या कामात काढूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"सरळ आहे," फोनमधून वेल्डर म्हणाला. "एकदम रेषेत."

त्याचा पाय नकळत ब्रेककडे सरकला. बायकोनं तो पाय पाहिला.

"उतरून बघायचंय?" तिनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. "बघायचंय," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं पाय मागे घेतला. घसा साफ केला आणि फोनच्या दिशेनं जरा मोठ्यानं विचारलं, "नक्की सरळ आहे ना?"

मागून आधी टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. बायकोनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. तिचे खांदे हलत होते, ती हसतेय की काय हे त्याला दिसत नव्हतं.

"गाडी सरळच आहे रे," वेल्डर म्हणाला. "पुढे रस्ता वळतोय, तिकडे बघ."